मंडळीच्या सेक्रेटरीसाठी माझं नाव आलंय. हो म्हणू का?

मुक्कामी_गाडी

सर्वांना जय ख्रिस्त.

मी एसटीत वाहक आहे, सतरा वर्षं झाली. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण दारात उभी राहून मी अजून "नगर, नगर" असंच ओरडते, आणि पॅसेंजरही त्यालाच चढतात. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची सभासद घरं, सीएनआयची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. दगडी चर्च, सत्तरेक घरं. त्यातली वीसेक घरं पुण्या-पिंपरीला गेलीत, ती नाताळला आणि दफनाला येतात.

आमच्या पाळकसाहेबांकडे आता तीन मंडळ्या आहेत. महिन्यातले दोन रविवार आमच्याकडे, एकेक रविवार बाकीच्या दोन गावांना. पाचवा रविवार आला की तिन्ही गावांत वाद. साहेब नसतील त्या रविवारी आमचे सेक्रेटरी उपासना चालवायचे. एकोणीस वर्षं त्यांनी हे केलं. आता डोळ्यांनी साथ सोडली, मुलगा त्यांना हडपसरला घेऊन गेला. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे, पंचकमिटी निवडायची आहे, आणि सेक्रेटरी म्हणून माझं नाव पुढे आलंय.

ते कसं आलं ते सांगते, नाहीतर प्रश्न कळायचा नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतली एक आत्याबाई गेली. नव्वदीची होती. तीन दिवस पाऊस लागून राहिलेला. साहेब त्या दिवशी दुसऱ्या गावी होते आणि मधल्या ओढ्यावरून पाणी चाललेलं. मला माहीत होतं कारण माझीच फेरी रद्द झाली होती. साहेब फोनवर म्हणाले, माझी वाट पाहू नका, माती द्या. चार वाजता कबरस्तानात पोचलो. सेक्रेटरी काकांनी पुस्तक उघडलं, छत्री धरली, चष्मा पुसला, परत पुसला. मग पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तू वाच. तुझा आवाज मागच्या सीटपर्यंत जातो."

ज्यांनी आपलं उपासनेचं पुस्तक पाहिलंय त्यांना माहीत आहे, त्यात एक ओळ "पाळक" आणि त्याखाली एक ओळ "मंडळी" असं असतं. मी आयुष्यभर "मंडळी"ची ओळ म्हटली. त्या दिवशी "पाळक" लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि घसा कोरडा पडला. ही ओळ मी म्हणायची की गाळायची? मागे सगळे भिजत उभे. म्हटली. मातीला माती, राखेला राख. मागून मंडळीची ओळ आली, म्हणजे बरोबर चाललंय असं धरून पुढे वाचलं. शेवटी आशीर्वादाची ओळ आली तिथे मात्र माझा हात वर जाईना. आत्याबाईच्या मुलाकडे बघत पुस्तक मिटलं.

तेव्हापासून लोक म्हणतात, हिला करा.

माझ्या अडचणी. पहिली ड्युटीची. आमचा वीकली ऑफ रविवारी येईलच असं नाही, आणि आठवड्यातून एक-दोनदा मुक्कामी गाडी असते. दुसरी म्हणजे वाचणं वेगळं आणि उपदेश करणं वेगळं. साठ माणसांच्या गाडीत "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायला मला काही वाटत नाही. पण तीस माणसांसमोर पवित्र शास्त्र उघडून पंधरा मिनिटं बोलायचं म्हटलं की पाय लटपटतात. मी दहावी झालेली आहे. माझ्यासमोर बसणाऱ्यांत दोन हायस्कूलचे मास्तर आहेत.

तिसरी अडचण म्हणजे एक आजोबा. फार मानाचे गृहस्थ, तरुणपणी कीर्तनात पेटीवर बसायचे. त्यांनी घरी येऊन सांगितलं, "मुली, तुझ्याबद्दल राग नाही. पण पहिले करिंथ चौदा, चौतीस वाच." म्हणजे पौलानं पत्रात लिहिलंय तसं, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. आता हे त्यांचं शास्त्र आहे की त्यांच्या पुतण्याचं नाव मागे पडलं म्हणून आहे, हे मला सांगता येणार नाही. आमच्याकडे दोन भावक्या आहेत आणि निवडणूक भावकीवरच होते. मी सून असल्यामुळे धड कुठल्याच भावकीची नाही. कदाचित त्यामुळेच माझं नाव आलं असेल!

आमचे मालक म्हणतात घे. सासूबाई म्हणतात, "वाचायला घसा लागतो, बोलायला अक्कल लागते, आणि सेक्रेटरी व्हायला कातडी."

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा. साहेब नसताना माझ्यासारखीनं काय करावं आणि काय करू नये? आणि घ्यावं का?

---

सोलापूरचा_खजिनदार

मुली, जय ख्रिस्त. मी 78 वर्षांचा. गिरणीत नोकरी केली आणि मंडळीत 22 वर्षं खजिनदार होतो. तुझ्या सासूबाईंना माझा सलाम सांग.

उपदेशाचं दुसरं कोणी सांगेल. मी पैशाचं आणि किल्लीचं सांगतो, कारण मंडळ्या उपदेशावरून मोडलेल्या मी फार पाहिल्या नाहीत, पैशावरून आणि किल्लीवरून पाहिल्या.

1984 साली एका रविवारी थैलीत 340 रुपये जमले. बरोबर मोजणारा पंच लग्नाला गेलेला, म्हणून मी एकट्यानंच मोजले आणि घरी नेले. सोमवारी बँकेला सुट्टी. मंगळवारी माझी दिवसपाळी. बुधवारी भरले. एवढ्या तीन दिवसांत गावात झालं की खजिनदारानं दानातून मुलीच्या शाळेची फी भरली. फी त्याच आठवड्यात भरली होती हे खरंच, पगारातून. मी पासबुक दाखवलं, पावती दाखवली. लोक हो हो म्हणाले. पण पुढची दोन वर्षं थैली माझ्यासमोर आली की काही जण मूठ मिटूनच आत घालायचे, किती टाकलं ते मला दिसू नये म्हणून.

तर दान उपासनेनंतर तिथंच, टेबलावर, दोघांनी मोजायचं. दोघं एका घरचे नकोत, एका भावकीचे तर नकोतच. रजिस्टरात आकडा लिहायचा, दोघांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी बँकेत. एसटीत तू हेच करतेस ना? ड्युटी संपली की वेबिल आणि रोकड जुळवायची, कमी पडलं तर तुझ्या खिशातून. मग तुला शिकवायची गरजच नाही. सेक्रेटरीनं पैसे हाताळायचे नाहीत, ते खजिनदाराचं काम, पण रजिस्टर दर महिन्याला बघायचं.

इतिवृत्त सभेतच लिहायचं. घरी जाऊन आठवून लिहिलेलं इतिवृत्त म्हणजे भांडणाचं बियाणं.

तुमची मंडळी स्वतंत्र ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल आणि विश्वस्तांची नावं बदलली, तर 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. मालमत्ता वरच्या ट्रस्टकडे असेल तर तुम्हाला हे लागू नाही. पहिल्याच महिन्यात डायोसिसच्या, म्हणजे बिशपांच्या प्रांताच्या, ऑफिसात विचार. जुने सेक्रेटरी शहाणे असतील तर कपाटात फाइल असेल. कपाटाच्या किल्ल्या किती आणि कोणाकडे, हे तू निवडून यायच्या आधी विचार.

आता तुझ्या घशाबद्दल. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा परंपरांच्या मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली, तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. त्याआधी आम्हा नगर-सोलापूरवाल्यांना बिशप माहीत नव्हते. आपण अमेरिकन मराठी मिशनचे, काँग्रिगेशनल. मंडळी जमणार, हात वर करणार, ठरवणार. पाळकालासुद्धा मंडळी बोलवायची. बिशपांची पद्धत आली ती एकीकरणाबरोबर, आणि तिचेही फायदे आहेत, नाही असं नाही. पण तेव्हापासून एक झालं. जे ते "साहेब येऊ देत, साहेब ठरवतील" म्हणून बाकावर टेकून बसायला लागलं. तुमचे साहेब तीन गावं फिरतात आणि तुम्ही पाचव्या रविवारी भांडता. आमच्या वडलांच्या पिढीला याचं हसू आलं असतं.

घे पद.

---

राजीनामा_दिलेला

नका घेऊ ताई.

मी चार वर्षं सेक्रेटरी होतो. गाव सांगत नाही. उपासना, प्रार्थना वगैरे सगळं पुस्तकात ठीक आहे. प्रत्यक्षात माझ्याकडे आलेलं काम सांगतो. कबरस्तानात आजीच्या शेजारची जागा आपल्यासाठी धरून ठेवलीय असं तीन वेगवेगळ्या घरांनी मला सांगितलं. जागा एकच. नाताळच्या कार्यक्रमाचा साउंडवाला कोणाचा मेहुणा असावा यावर दोन सभा झाल्या. रात्री साडेअकराला फोन, कशासाठी, तर दाखल्यावर बाप्तिस्म्याची तारीख चुकलीय, पासपोर्ट अडकलाय. दाखला 1991 चा, तेव्हा मी चौथीत होतो.

चार वर्षांत माझी स्वतःची प्रार्थना बंद पडली. रविवारी चर्चमध्ये बसून मी पंखे मोजायचो, कुठला बंद आहे ते. शेवटी बायको म्हणाली, तुम्ही उपासनेला जाता की ड्युटीला?

तुम्ही तर आधीच ड्युटी करता. सन्मानानं नाही म्हणा.

---

मुक्कामी_गाडी

@राजीनामा_दिलेला, दादा, वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. पंख्यांचं खरं असणार. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीनं जाताना मीही सीटा मोजते.

@सोलापूरचा_खजिनदार, काका, कपाटाचं विचारलं. गोदरेजचं जुनं कपाट आहे, किल्ल्या दोन. एक सेक्रेटरी काकांबरोबर हडपसरला गेली. दुसरी 2016 पासून कोणालाच माहीत नाही.

वेबिलाचं तुम्ही म्हणालात ते मला इतकं साधं वाटलं की मी कालच एका पंचांना विचारलं, आपल्याकडे मोजतं कोण? म्हणाले, "जो लवकर घरी जात नाही तो."

---

वाडीतला_वसईकर

ताई, मी कॅथलिक, वसईचा. तुमच्या घरात डोकावतोय, माफ करा. पण तुमची "पाळक" आणि "मंडळी"ची ओळ वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्याकडे तुमच्या-माझ्यासारख्यांना "प्रापंचिक" म्हणतात. लहानपणी मला हा शब्द कमीपणाचा वाटायचा. म्हणजे फादर आणि सिस्टर देवाचे, आणि आपण आपले भाजीपाल्याचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 नंतर, हळूहळू हे बदलायला लागलं. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू. पॅरिश कौन्सिल, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांची कमिटी, आहे, पण 1983 च्या चर्च कायद्यानुसार तिला फक्त सल्ला देण्याचा अधिकार आहे. फायनान्स कमिटी मात्र प्रत्येक पॅरिशला सक्तीची. तुमच्या सोलापूरच्या काकांना हे आवडेल. तुम्ही हात वर करून सेक्रेटरी निवडता याचा आम्हाला कधीकधी हेवा वाटतो. दोन भावक्यांचं वाचल्यावर थोडा कमी वाटला.

मी बँकेत नोकरी करतो आणि रविवारी मिस्सा, म्हणजे आमची उपासना, झाल्यावर आजारी माणसांना घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे त्या उपासनेतली पवित्र भाकर, नेऊन देतो. प्रापंचिकांना ही वाट रोमनं 1973 मध्ये मोकळी केली. छोटी डबी असते, ती शर्टाच्या आत गळ्यात. वाटेत कोणाशी गप्पा मारत थांबायचं नाही, हा नियम, आणि आमच्या वाडीत हा सगळ्यात अवघड नियम आहे.

पहिल्याच रविवारी एका म्हाताऱ्या मावशीकडे गेलो. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेचं घर, पावसात पाय घसरत गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. "फादर नाय आले?" मी म्हटलं, मला पाठवलंय. म्हणाली, "तुला मी नागडा फिरताना बघितलंय." संपलं. डबी तशीच परत.

मी चिडलो होतो. फादर चिडले नाहीत. पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर आले, तिच्या खाटेपाशी बसले, चहा घेतला, आणि तिच्यासमोर डबी माझ्या हातात देऊन म्हणाले, आता तू दे. तिनं घेतला. पुढे चार वर्षं, ती जाईपर्यंत, माझ्याच हातून घेतला. फादर आले तर विचारायची, तो कुठंय?

म्हणून माझं एवढंच म्हणणं. तुमच्या साहेबांना सांगा, मला नुसतं फोनवरून "चालवून घ्या" म्हणू नका. एका रविवारी सगळ्यांसमोर पुढे बोलवा, प्रार्थना करा, आणि पुस्तक तुमच्या हातानं माझ्या हातात द्या. त्या आजोबांसमोर.

आणि बायकांबद्दल. आमच्याकडे वाचन बायका कित्येक वर्षं करतच होत्या, पण वाचक म्हणून रीतसर नेमणूक फक्त पुरुषांची व्हायची. जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कायदा बदलला. म्हणजे काम आधी, कागद मागून. तुमचंही ऑगस्टच्या पावसात तेच झालंय.

---

निवृत्त_पाळकीणबाई

बाळ, मी एकतीस वर्षं पाळकीणबाई होते. म्हणजे बिनपगारी सेक्रेटरी, शब्बाथ शाळेची मास्तरीण, स्त्री संघाची अध्यक्ष आणि येईल त्याचा चहा. माझं नाव कुठल्याच सभेत कोणी सुचवलं नाही, ते लग्नाबरोबरच आलं. त्यामुळे तुला हात वर करून विचारतायत याचंच मला कौतुक वाटतं.

तू विचारलंस काय करावं आणि काय करू नये. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, नाही. ते पाळकांचंच. साहेब महिन्यातून दोनदा येतात ना, मग त्यातल्या एका रविवारी ठेवायचं. लग्न तर अजिबात नाही, ते नुसतं मंडळीचं नाही, कायद्याचं काम आहे. 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे, त्यानुसार ज्याला अधिकार किंवा परवाना आहे त्यानंच लावायचं. कोणी कितीही गळ घातली, "मुलाची सुट्टी संपतेय" म्हणाले, तरी हात जोडायचे. बाप्तिस्मा पाळकांकडे. दफन तू केलंस, त्यात काही चुकलं नाही. बाकी उपासना, शास्त्रवाचन, मध्यस्थीची प्रार्थना, उपदेश, घरसभा, आजाऱ्याची भेट, हे सगळं करता येतं. फक्त साहेबांकडून आणि कमिटीकडून लेखी घे, आणि बिशपसाहेबांची परवानगी लागते का ते साहेबांनाच विचारायला लाव.

आता तुझी "पाळक"ची ओळ. ती गाळायची नाही. पण क्षमेची आणि आशीर्वादाची ओळ आली की तिथे "तुम्हां" असेल त्या जागी "आम्हां" म्हणायचं. "तुम्हांवर कृपा असो" नाही, "आम्हां सर्वांवर कृपा असो". हात वर करायचा नाही, जोडायचे. मला हे एका म्हाताऱ्या पाळकांनी शिकवलं. तुझा हात कबरस्तानात आपोआप वर गेला नाही, यात मला काही वावगं दिसत नाही.

पहिले करिंथ चौदा, चौतीस. आजोबांशी वाद घालू नको. त्यांच्याजवळ बस, आणि त्याच पत्रातला अकरावा अध्याय, पाचवी ओवी त्यांनाच वाचायला सांग. तिथे पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीबद्दल लिहितो. डोक्यावर काय घ्यावं त्याची चर्चा करतो, तोंड बंद ठेव म्हणत नाही. एकाच माणसानं एकाच पत्रात दोन्ही लिहिलंय, तर दुसऱ्यामागे त्या गावचं काही कारण असणार. मग प्रेषितांची कृत्ये अठरावा अध्याय. अपुल्लोस एवढा मोठा वक्ता, त्याला घरी बोलावून नीट समजावलं कोणी? प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी. आणि केडगावच्या पंडिता रमाबाईंना आजोबा काय म्हणतील? त्या काही पाळक नव्हत्या. मुक्ती मिशन उभं केलं आणि अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. आपल्याच भागात मिशनच्या बायबल बाया वाड्यावस्त्यांवर चालत जाऊन बायकांना वाचून दाखवायच्या. आजोबांच्या आजीनं कोणाच्या तोंडून पहिल्यांदा शास्त्र ऐकलं, ते विचार त्यांना. मला उत्तर माहीत नाही, पण विचार.

उपदेशाचं भय तुला दहावीमुळे वाटतं. मास्तरांना व्याकरण दिसेल, दिसू दे. एकच उतारा घे. शनिवारी नको, मंगळवारी वाच, आणि आठवडाभर गाडीत डोक्यात फिरू दे. नऊ-दहा मिनिटं पुरे. वहीत मोठ्या अक्षरात लिही. सुरुवातीला "मी अपात्र आहे, चुकलं तर सांभाळून घ्या" असलं म्हणू नको, त्यात दोन मिनिटं जातात आणि ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. उत्तम शुक्रवारी तुमच्याकडे येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना बोलायला वाटून देतात का? आमच्याकडे द्यायचे. पोस्टमन, नर्स, कॉलेजची मुलगी, गवंडी. "मला तहान लागली आहे" यावर एका टँकरच्या ड्रायव्हरनं सहा मिनिटं सांगितलं होतं. माझ्या यजमानांचे एकतीस वर्षांचे उपदेश मी विसरले (ते आता नाहीत, म्हणून लिहिते), पण ते आठवतं.

राजीनामा दिलेल्या दादांचं खोटं नाही. म्हणून एकटी घेऊ नको. निर्गम अठरा वाच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसायचा, तेव्हा सासऱ्यानं त्याला सुनावलं, की असं केलंस तर तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. सासरच्या माणसाचा सल्ला ऐकावा, असंही त्यातून निघतं. सासूबाईंना सांग.

---

मुक्कामी_गाडी

दोन महिन्यांनी लिहितेय. उशीर झाला, दिवाळीच्या जादा गाड्या होत्या.

वार्षिक सभा झाली. हात वर करून 38 विरुद्ध 14. चौदातले दोन हात माझ्या नणंदेच्या घरचे होते, ते मी अजून मनात ठेवलंय, ठेवायला नको. सेक्रेटरीपद घेतलं. पण सभेतच उभं राहून सांगितलं की साहेब नसलेल्या रविवारी मी एकटी बोलणार नाही, चौघं मिळून पाळी लावू. एक मास्तर, एक ग्रामीण रुग्णालयातली नर्स, कॉलेजला जाणारा एक मुलगा आणि मी. कॉलेजचा मुलगा त्या आजोबांचा नातू. त्याचं नाव मी मुद्दाम घेतलं हे कबूल करते.

वसईच्या दादांचं ऐकलं. साहेबांना बोलले. ते आधी "अगं त्याची काय गरज" म्हणाले, मग पुढच्या रविवारी चौघांनाही पुढे बोलावलं, प्रार्थना केली आणि पुस्तक हातात दिलं. आजोबा दाराजवळच्या बाकावर होते.

ड्युटीचं असं, की एका सहकारी वाहकताईला रविवार नको असतो आणि मला गुरुवारचा मुक्काम चालतो. आम्ही अर्ज देऊन बदलून घेतलं. प्रत्येक आठवड्याला जमेलच असं नाही.

माझी पाळी मागच्या रविवारी आली. निर्गम अठरा. मंगळवारपासून डोक्यात होतं, बुधवारी एका पॅसेंजरला चुकीचं तिकीट दिलं. वहीत चार पानं लिहिली. बोलायला उभी राहिले तेव्हा पाय लटपटले, पण मी पुलपिटाला आतून गुडघा टेकवला, गाडी वळणावर असली की सीटला टेकवते तसा. मोशेचं सांगताना मधेच वही सोडून म्हणाले, की गाडीत साठ माणसं असली आणि सगळेच दारात उभे राहिले तर मागच्या स्टॉपवाला चढणार कसा. हे वहीत नव्हतं. दोन-चार जण हसले. हायस्कूलच्या एका मास्तरांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. व्याकरण असेल. घड्याळात अकरा मिनिटं झाली.

आजोबा उपदेश सुरू झाल्यावर बाहेर पायरीवर जाऊन बसले, चपला घालून. शेवटच्या गीताला आत आले. त्यांचा आवाज अजून असा आहे की पेटीशिवाय सूर लागतो. पाळकीणबाई, अकराव्या अध्यायाचं मी त्यांना अजून विचारलेलं नाही. नातवाची पाळी होऊन जाऊ दे.

आशीर्वादाला हात जोडले आणि "आम्हां सर्वांवर" म्हटलं. मंडळीची ओळ आली. समोरून ऐकताना ती फार वेगळी ऐकू येते, हे मला माहीत नव्हतं. बाकावर बसून म्हणताना आपल्याला फक्त आपलाच आवाज येतो.

राजीनामा दिलेल्या दादा, पंखे पाच आहेत. मधला बंद आहे.

कपाटाची हडपसरची किल्ली कुरिअरनं आली. दुसरी सापडली नाही, कुलूपवाल्याकडून करून घेतली आणि खजिनदाराकडे दिली. काका, आता दोघं मोजतात, दोन भावक्यांतले, टेबलावर, आणि मी लांब उभी राहते. मागच्या रविवारी 1,870 रुपये आणि एक फाटकी दहाची नोट. खजिनदार म्हणाला, ही धरायची नाही, बँक घेणार नाही, नुसते 1,870 लिहू. मी म्हटलं, 1,880 लिही. नोट मी बदलून देते. फाटक्या नोटा खपवायची सतरा वर्षांची सवय आहे.